परसातले सात परस

खोटे बोलायचेच असेल तर माणसाने ते मोजता न येणाऱ्या गोष्टींविषयी बोलावे. प्रेमाविषयी बोलावे, पूर्वजांच्या पराक्रमाविषयी बोलावे, फार तर स्वतःच्या भुकेविषयी बोलावे. फुटाइंचांत खोटे बोलू नये. असले खोटे वर्षानुवर्षे कागदात निपचित पडून राहते आणि एखाद्या भर दुपारी, चारचौघांसमक्ष, एकाएकी ताठ उभे राहते. उद्धवराव खटावकरांचे उभे राहिले ते चिंचवडला, रुळांपलीकडच्या त्यांच्या बैठ्या घराच्या मागे, छत्तीस फूट खोल आणि ठणठणीत कोरड्या खड्ड्याच्या काठावर.

उद्धवराव बी.एस्सी. होते आणि पिंपरीच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत नोकरीला होते. कारखान्यात घडलेला प्रत्येक दांडा, प्रत्येक कडी त्यांच्या टेबलावर येई आणि ते इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत तिची चौकशी करीत. ती खोली म्हणजे त्यांचे देऊळ होते. बाहेर घण कोसळत, शिफ्टचा भोंगा आभाळ फाडून जाई. आत मखमलीच्या पेटीत इंच पडताळायचे पोलादाचे गुळगुळीत ठोकळे निजलेले असत. त्यांना बोटांचा घाम लागू नये म्हणून उद्धवराव हातमोजे घालीत, आणि उष्णतेने इंच फुगतो म्हणून वैशाखात त्यांच्याजवळ सुस्कारासुद्धा टाकीत नसत. जग गढूळ आहे, माणसांचे शब्द धुक्यासारखे विरतात, पण इंच तेवढा इंचाएवढाच राहतो, ही त्यांची श्रद्धा होती.

अशा माणसाच्या सर्व्हिस बुकात, उंचीच्या रकान्यात, 'पाच फूट सहा इंच' असे लिहिलेले होते. खरी उंची पाच फूट दोन इंच होती.

न्यायाने बोलायचे तर ते मूळ पाप त्यांचे नव्हेच. लग्न ठरताना मुलगी पाच फूट चार इंच असल्याचे कळले, तेव्हा त्यांच्या मामांनी पत्रात वराची उंची तिच्यावर दोन इंच चढवून ठेवली. पुढे नोकरीच्या अर्जात उद्धवरावांनी तोच आकडा उतरवला. कागदपत्रांत सुसंगती असावी, एवढाच काय तो त्यांचा हेतू. पत्नी इंद्रायणीबाईंनी सहा वर्षांत या विषयाला एकदाही स्पर्श केला नव्हता. वरच्या फळीवरचा डबा त्या स्वतःच काढीत, आणि काढताना उद्धवराव दुसरीकडे बघत असतील याची काळजी घेत.

त्या वर्षी इंद्रायणीबाईंना दिवस राहिले. याआधी दोनदा त्या घरात पाळण्याच्या गोष्टी निघाल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्या अर्ध्यावरच विझल्या होत्या. म्हणून छबूबाई सुईण आली, पोटाला हात लावून डोळे मिटून बसली, आणि उठताना उद्धवरावांना म्हणाली, "ह्या खेपंला पोर हाती लागंल. पर हंडा कमरंला लागला तर मला बोलवाया येऊ नगा."

पाणी होते शेजारीण दुर्गाबाईंच्या मळ्यातल्या विहिरीवर, घरापासून सातशे ऐंशी फुटांवर. हे अंतर उद्धवरावांनी मोजलेले होते. एकदा त्यांनी मोठ्या प्रेमाने पत्नीला समजावून सांगितले होते, की शास्त्रात कोणतीही राशी म्हणजे संख्या आणि एकक. एककाशिवाय संख्या म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट.

"म्हणजे दोन हंडे पाणी म्हटलं, तर?" इंद्रायणीबाईंनी विचारले होते.

"संख्या दोन, एकक हंडा."

"आणि कंबर कुणाची, ते कुठे लिहायचं?"

आता कंबर उद्धवरावांची होती. पहाटे ते डोक्याला मफलर गुंडाळून निघत, की कुणी ओळखू नये. पण हंड्याखालचा माणूस लोक मफलरातूनही ओळखतात. रेल्वेतून निवृत्त झालेले शेजारी मारुतराव पायरीवर दात घासत बसलेले असत. ते रोज हाक मारून सल्ला देत, "राव, पाण्याला हिसका देऊ नका. गाडीसारखं चालवा, गाडीसारखं!" आणि विहिरीवर दुर्गाबाई सुनेला मोठ्याने सांगत, "सरक गं, बीएस्सी आले." आठव्या दिवशी भिजल्या धोतराने घरी परतलेल्या उद्धवरावांनी जाहीर केले, की आपल्या परसात आपली स्वतःची विहीर होणार. इंद्रायणीबाईंचा तेव्हा पाचवा महिना चालू होता.

मारुतरावांच्या सल्ल्याने जमिनीतले पाणी सांगणारे गावातले वृद्ध पाणाडे आबाजी यांना बोलावण्यात आले. सहा फूट उंचीचे आबाजी उंबराचे बेचके हाती धरून परसभर हिंडले आणि कण्हेरीशेजारी थबकले. बेचके थरथरले. उद्धवरावांच्या शास्त्रीय मनाने तोंड फिरवले. पण कान मात्र तिकडेच राहिले.

"सात परसांवर झरा हाय," आबाजी म्हणाले.

परस म्हणजे पुरुषभर खोली. मावळात विहीर फुटाने खणत नाहीत, माणसाने खणतात. उद्धवरावांनी लगेच एकक विचारले.

"पण परस कुणाचं, आबाजी? तुमचं की माझं? तुमच्या-माझ्यात—" इथे ते अडखळले. "म्हणजे माणसामाणसांत फरक असतो."

आबाजींनी बेचके खांद्यावर टाकले. "पान्याचं परस," एवढे बोलून ते चहाला गेले.

विहीर खणणारे कोंडाजी आले ते पाच गडी, घण, पहारी आणि स्वतःचा कायदा घेऊन. त्यांचा कायदा एका ओळीचा होता. "विहीर ज्याची, परस त्याचं. मालकाच्या अंगाचं माप घ्याचं, सात येळा खाली जायाचं. पानी लागलं तर देवाची किरपा, न्हाई लागलं तर आमचं कामाचं गुत्तं सात परसांवर फिटलं. या, हुबं ऱ्हावा." आणि त्यांनी कमरेची दोरी सोडली.

अंगणात तेव्हा इंद्रायणीबाई होत्या, मारुतराव होते, आणि कुंपणावर दुर्गाबाईंचे डोके होते. उद्धवराव दोन पावले मागे सरले.

"दोरी?" ते म्हणाले. "कोंडाजी, दोरी ताणली की लांबते, भिजली की आखडते. दोरीने मोजणे म्हणजे मोजण्याचा अपमान आहे. माझी उंची सरकारमान्य कागदावर लिहिलेली आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी कारखान्यातल्या सुताराकडून सागवानी काठी करून आणली. इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतकीही तीत चूक नव्हती. लांबी पाच फूट सहा इंच. करारात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'परस म्हणजे मालकाची टाचेपासून माथ्यापर्यंतची उंची, म्हणजेच पाच फूट सहा इंच.' कोंडाजींनी काठी निरखली, मालक निरखले, आणि अंगठा उठवला. काठी विहिरीच्या जागेशेजारी जमिनीवर उभी बांधण्यात आली. भूमिपूजनाला उद्धवरावांनी साष्टांग नमस्कार घातला. कोंडाजी फार भक्तिभावाने त्यांच्या डोक्याशी आणि टाचांशी वाकले, हे पाहून त्यांना भरून आले.

आता राहिली परवानगी. जागा रुळांजवळ असल्याने सुरुंग लावायला कचेरीचा हुकूम हवा होता. उद्धवरावांनी अर्ज लिहिला: 'माझ्या परसात सात परस विहीर खणण्यास व सुरुंग लावण्यास परवानगी मिळावी.' पंधरा दिवसांनी अर्ज शेऱ्यासह परत आला: 'अर्जदाराच्या नावे एकच परस दिसते. उरलेल्या सहा परसांच्या मालकांची संमती जोडावी.'

उद्धवराव अर्ध्या दिवसाची रजा काढून पुण्याला गेले. कचेरीतले कारकून यशवंतराव यांच्यासमोर त्यांनी व्याकरणाचे सगळे दिवे लावले. एक परस म्हणजे घरामागची जागा, ते परस. दुसरे परस म्हणजे खोली, ते खाली जाते. पहिल्यात भाजी लावतात, दुसऱ्यात माणूस उतरतो.

यशवंतरावांनी शांतपणे ऐकून घेतले. "मग फुटांत लिहा की, खटावकर."

फुटांत लिहिले: अडतीस फूट सहा इंच. तोही कागद परत आला. आता दशमान पद्धत येऊ घातली होती. "नवे पैसे आले, पाठोपाठ नवा फूट येतो आहे," यशवंतराव म्हणाले. "सरकार जुन्याला विसरायला निघालं असताना तुम्ही त्याला आठवण कशाला करून देता? मीटरमध्ये लिहा."

या सूचनेने मात्र उद्धवराव मनातून हरखले. सगळ्या जगाचे एकच माप. त्यात राजाचा हात नाही, सुताराचा गज नाही, कुणाच्या अंगाचा गंधही नाही. एवढी निर्मळ कल्पना माणसाला सुचली असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. त्या भरात त्यांनी चार दशांश स्थळांपर्यंत हिशेब केला आणि लिहिले: ११.७३४८ मीटर. तीन आठवड्यांनी सहीशिक्क्याचा हुकूम हाती आला. खटावकरांना आपल्या परसात एक लाख सतरा हजार तीनशे अठ्ठेचाळीस मीटर खोल विहीर खणण्याची परवानगी देण्यात आली होती.

"यशवंतराव, टिंब! इथलं टिंब कुठे गेलं?"

"ते तुमचं होतं? मला वाटलं माशीचं. कागद स्वच्छ जावा म्हणून खरवडून टाकलं."

"अहो, पण हे सत्तर मैलांच्या वर होतं!"

"जास्तच आहे ना? कमी तर नाही?" यशवंतराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "जास्तीची परवानगी कुणी परत करतं का? सावकाश खणा."

या सगळ्यात इंद्रायणीबाईंचा सातवा महिना उजाडला. खणणे सुरू झाले आणि उद्धवरावांच्या घराला धुळीचे दिवस आले. सुरुंगाच्या प्रत्येक धमाक्याला कपाटातले कप आपापसात बोलू लागत. दुर्गाबाईंनी ताकीद दिली, "माझ्या झऱ्याला धक्का लागला तर बघा!" आणि दुपारी त्याच वाकून विचारू लागल्या, "ओल दिसते का हो?" कारखान्यातून आले की उद्धवराव कपडेही न बदलता काठीशेजारी उभे राहत आणि खाली बघत. खाली माणसे मुंग्यांएवढी दिसत. तो अंधार त्यांना स्वतःच्या मनासारखा वाटे: उघडत जावे, उघडत जावे, आणि तळाशी पुन्हा दगडच.

त्यांना एक गोष्ट मात्र सुचली नाही. तळातल्या माणसांना वर बघावे लागते. तळातून आभाळाचा गोल तुकडा दिसतो आणि त्या तुकड्याच्या कडेला रोज संध्याकाळी दोन आकृती उभ्या राहत: एक काठी, एक मालक. काठी मालकाच्या टोपीवरूनही दोन बोटे उंच दिसे. पाच गडी महिनाभर हे दृश्य बघत होते. त्यांचे तेवढेच मनोरंजन होते.

आठवा महिना लागला त्या आठवड्यातली गोष्ट. रविवार होता. कोंडाजी वर आले, हात झटकले आणि म्हणाले, "झालं, मालक. सात परस पुरं. उद्या सकाळी आमी चाकणला जानार. कांद्यावाल्याच्या मळ्यात विहीर धरलीया."

"पण पाणी?"

"पानी न्हाई. खाली काळा पाषान लागलाय."

उद्धवरावांनी फीत खाली सोडली. छत्तीस फूट दोन इंच. "अजून दोन फूट चार इंच बाकी आहेत," ते म्हणाले. पण म्हणतानाच त्यांच्यातल्या मोजमापाच्या खोलीने आपण होऊन भागाकार केला. छत्तीस फूट दोन इंच भागिले सात. पाच फूट दोन इंच. बाकी शून्य.

कोंडाजींनी कमरेची दोरी सोडली. तिला सात गाठी होत्या. "तुमी नमस्कार घातला तवा डोस्क्याशी आन् टाचंशी खूण केली व्हती. देवाफुडं मानूस खोटं पडत न्हाई, म्हून."

अंगण हळूहळू भरले होते. आबाजी ओट्यावर टेकले होते. छबूबाई इंद्रायणीबाईंना बघायला आली होती ती दारातच थांबली. कुंपणावर दुर्गाबाई आल्या. मारुतरावांनी करार मागून घेतला, चष्मा लावला आणि गाडीला हिरवा बावटा दाखवावा तसा कागद हवेत फडकवला.

"कोंडाजी, इथे आकडा आहे. पाच फूट सहा इंच. खाली तुझा अंगठा. कागद म्हणजे कागद, भाऊ!"

"कागदात मालकाची उंची म्हनलंय. मालक हितं हायेत. हुबं ऱ्हाऊ द्या की काठीपाशी!"

मारुतराव उद्धवरावांच्या कानाशी लागले. "राव, उभे बिभे राहू नका. कागदावर अडून बसा. खणावंच लागेल त्यांना."

ते खरे होते. कागदावर अडून बसले असते तर पाच माणसांना त्या काळ्या पाषाणात आणखी दोन फूट चार इंच उतरावे लागले असते. कदाचित पाणी लागले असते. उद्धवरावांनी दाराकडे पाहिले. इंद्रायणीबाई एक हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. त्या कमरेवर हंडा नव्हता आणि यापुढेही नसावा, एवढ्यासाठी तर हे सारे होते. मग त्यांनी काठीकडे पाहिले. ती निर्दोष होती. आयुष्यात त्यांनी बनवून घेतलेली सर्वांत अचूक वस्तू त्यांच्या सर्वांत मोठ्या चुकीच्या मापाची होती. असल्या काठीने खणलेल्या विहिरीचे पाणी मुलाला पाजायचे, ही कल्पना त्यांना सोसेना.

त्यांनी वहाणा काढल्या. टोपी काढली. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांचे डोके प्रथमच उघडे झाले, आणि ते काठीला पाठ लावून उभे राहिले. कोंडाजींनी तळहात त्यांच्या माथ्यावर आडवा धरला. वर चार इंच काठी उरली.

"पाच फूट दोन इंच," उद्धवराव समोर बघत म्हणाले. मोजमापाच्या खोलीत ते जसा एखादा नापास दांडा बाजूला काढीत, त्याच सुरात. "काठी बरोबर आहे. चूक माणसात आहे. कोंडाजी, तुमचं काम पुरं झालं."

कुणी हसले नाही. दुर्गाबाईसुद्धा हसल्या नाहीत, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे चिंचवडात आश्चर्याने सांगितली जाई.

तेवढ्यात इंद्रायणीबाई पायरी उतरून आल्या. "कोंडाजी, तुमचा कायदा काय म्हणालात? विहीर ज्याची, परस त्याचं?"

"व्हय, वैनी."

"मग विहीर कुणाची? पोहरा कोण सोडणार तिच्यात? हे सोडतील आणखी तीन-चार महिने. नंतर जन्मभर कोण?"

कोंडाजी घोटाळले. "ते... तुमीच की."

"मग बाजूला व्हा," इंद्रायणीबाई नवऱ्याला म्हणाल्या. उद्धवराव बाजूला झाले. त्या काठीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. वर दोन इंच काठी उरली. "पाच फूट चार. यांच्यापेक्षा दोन इंच जास्त. परसाला दोन, सात परसांना?"

"सात दुने चौदा," मारुतराव उत्साहाने म्हणाले.

"बाईमानसाचं परस आजवर कुनी धरलं न्हाई, वैनी," कोंडाजी डोके खाजवत म्हणाले. "आमच्या बापजाद्यांत न्हाई."

दारातून छबूबाईचा आवाज आला. "व्हय रं कोंडाजी, आन् तुझ्या बापजाद्यांत पानी बाप्यांनी भरलं व्हय?"

आता मात्र अंगण हसले. आधी गडी हसले, मग दुर्गाबाई, आणि मग कोंडाजींच्या मिशा हलल्या. त्यांनी मुंडासे सोडून पुन्हा घट्ट बांधले. "चौदा इंच," ते गड्यांना म्हणाले. "सुरुंगाची दारू थोडी उरलीया. चाकणचा कांदा एक दीस दम धरील. चला, उतरा."

गडी उतरले. उद्धवराव पत्नीजवळ, पण काठीपासून जरा दूर, उभे राहिले. ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुला हे... केव्हा कळलं?"

"अंतरपाट धरला होता ना, तेव्हा. तुमच्या पायाखाली दोन पाट होते. मी मोजले. दोन पाट चढून माझ्यापर्यंत आलेला माणूस. मला बरं वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा सुरुंग उडाला. कपाटातले कप बोलले आणि गप्प झाले. धूर वर आला, विरला. कोंडाजी दोरावरून खाली गेले. काठावर सगळे वाकून उभे होते. कारखान्याची रजा न घेता, आयुष्यात प्रथमच, उद्धवराव घरी राहिले होते. खालून बराच वेळ काही आले नाही. मग एक बारीक, किनरा आवाज आला, कुणी अंधारात कागद फाडत असावे तसा, आणि त्याच्यामागून कोंडाजींची हाक, "वैनी! तुमचं परस लागलं!"

तासाभरात तळाला घोटाभर पाणी झाले आणि तळातला आभाळाचा गोल तुकडा त्यात उतरून हलू लागला.

"म्या म्हनलंच व्हतं," आबाजी ओट्यावरून म्हणाले. "सात परस. पान्याचं."

मुलगी झाली, वेळेवर झाली, आणि छबूबाईने तिला पहिली आंघोळ घातली ती परसातल्या पाण्याने. सागवानी काठी आता न्हाणीच्या दाराशी उभी आहे. तिच्यावर तळापासून मुलीच्या उंचीच्या रेघा चढत आहेत, आणि त्या रेघांना घाई नाही.

एक काम उरले होते. उद्धवरावांनी सर्व्हिस बुकातली उंची दुरुस्त करून मिळावी म्हणून कंपनीकडे अर्ज केला. उत्तरादाखल छापील नमुना आला. 'पूर्वीची उंची' या रकान्यात त्यांनी लिहिले, पाच फूट सहा इंच. 'सध्याची उंची', पाच फूट दोन इंच. तिसरा रकाना होता: 'बदलाचे कारण'. त्यांनी लेखणी शाईत बुडवली. मागे परसात रहाट कुरकुरत होता आणि भरलेली घागर वर येत होती. मग त्यांनी नीटस अक्षरात लिहिले:

'विहिरीला पाणी लागले.'